साइड देणारा हात कुठं गेला?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी ट्रक ड्रायव्हर आहे, एरंडोल तालुक्यातला. सत्तावीस वर्षं झाली स्टेअरिंग धरून, त्याआधी चार वर्षं वडिलांसोबत क्लीनर म्हणून फिरलो ते वेगळं. तुमच्या पेपरात आतल्या पानावर अपघाताची एक तरी बातमी रोज असतेच आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, ओव्हरटेक करण्याच्या नादात ट्रक समोरच्या गाडीवर आदळला. वाक्य खरंय पण अर्धं आहे. ओव्हरटेक करणारा तिथं एकटा नसतो, ज्याला ओव्हरटेक करून राहिले तोही तिथंच असतो, आणि त्या पंधरा-वीस सेकंदांत त्यानं काय केलं हे कुठल्या बातमीत येत नाही, पंचनाम्यात पण येत नाही, कारण तोवर तो निघून गेलेला असतो, बऱ्याचदा त्याला मागं काय झालं हे कळलेलंही नसतं. मला त्या पुढच्या ड्रायव्हरबद्दल लिहायचंय, साइड देणाऱ्याबद्दल, आणि पत्र जरा लांबेल तर सांभाळून घ्या.

आमचे वडील सुरत-नागपूर लाइनला होते. सहा नंबर हायवे, आता कागदावर त्याचा नंबर ५३ झालाय पण आमच्या तोंडी सहा नंबरच बसलाय. नव्वदच्या दशकात तो सगळा सिंगल रोड, नवापूर सोडलं की विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट, दहिवेल, साक्री, कुसुंबा करत धुळे, पुढं फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, बांभोरीचा गिरणेवरचा पूल आणि मग जळगाव, एक गाडी इकडून एक तिकडून, मधे रंगाचा पट्टासुद्धा धड नाही. त्या रोडवर मागच्या गाडीला जाऊ द्यायचं असलं की वडील उजवा हात खिडकीतून बाहेर काढायचे आणि मागून पुढं असा अर्धा गोल फिरवायचे, सावकाश, शेताच्या बांधावरून आपण पाहुण्याला या या म्हणतो ना तसा. समोरून गाडी येत असली तर हात बाहेर काढून तळवा मागं दाखवायचे आणि तसाच ताठ धरायचे. डावीकडं मी, दाराबाहेर अर्धा लटकलेला, पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे जाऊ दे. आता वाटतं हे सगळं वडिलांनी स्वतःच्या मनानं केलेलं असेल, पण नाही, तो अर्धगोलाचा हात १९८९ च्या रस्ता नियमांत लिहिलेला होता, उजवा हात आडवा बाहेर काढून पुढं-मागं अर्धगोलात हलवायचा म्हणजे मागच्याला पुढं जा म्हणणं. लायसनच्या परीक्षेला हे चित्र यायचं. माझ्या वेळेला पण आलं होतं.

त्या हातात एक गोष्ट होती जी चित्रात दिसत नाही. वडील हात फिरवायच्या आधी ॲक्सिलेटरवरचा पाय उचलायचे. मला गाडीचा आवाज खाली आलेला आधी ऐकू यायचा आणि मग हात दिसायचा. मी एकदा विचारलं की आपण का हळू व्हायचं, त्याला घाई आहे तर तो जाईल की. ते म्हणाले साइड हातानं देत नाहीत रे, पायानं देतात, हात तर नुसता सांगायला असतो.

याचा हिशोब मला कधी मांडता आला नव्हता, तो माझ्या मुलीनं मांडला, अकरावी सायन्सला आहे, वहीच्या मागच्या पानावर करून दिला. पुढचा ट्रक ५० च्या स्पीडनं चाललाय, मागचा ६० नं त्याला काढून राहिला. दोन्ही गाड्या दहा-दहा मीटरच्या धरा, मागं पंधरा आणि पुढं पंधरा मीटर जागा धरा, म्हणजे मागच्याला ५० मीटर जास्तीचे तोडायचे आहेत. फरक ताशी दहाच किलोमीटरचा असल्यामुळं त्याला १८ सेकंद लागतात. या १८ सेकंदांत तो उजव्या बाजूनं ३०० मीटर जातो आणि समोरून कुणी ६० नं येत असेल तर तोही ३०० मीटर येतो, म्हणजे सहाशे मीटर रस्ता डोळ्याला मोकळा दिसायला पाहिजे, एरंडोल ते पारोळा जुन्या रोडवर सहाशे मीटर सरळ रस्ता शोधून दाखवा म्हटलं तर आठवावं लागेल. आता पुढच्यानं फक्त पाय उचलला आणि तो ५० वरून ४० वर आला तर तेच काम ९ सेकंदांत होतं आणि तीनशे मीटरमध्ये बसतं. अर्ध्यावर आलं. मागच्यानं काही जास्तीचं केलं नाही, त्याची गाडी तीच, लोड तोच. आणि उलट पुढच्याला इरेला पेटायचं सुचलं, मागचा बरोबरीला आला की यानं पण दाबला, तर ते ओव्हरटेक संपतच नाही, दोघं शेजारी-शेजारी चालतात आणि समोरून जो येतो त्याला कुठं जायचं ते उरत नाही. कायद्यात हे आहे बरं का, ज्याला ओव्हरटेक करतात त्यानं स्पीड वाढवायचा नाही, अडवायचं नाही, आधीच्या नियमांतही होतं आणि २०१७ साली नवीन आले त्यातही आहे. पण यासाठी कुणाला दंड झालेला मी सत्तावीस वर्षांत पाहिला नाही.

हात का गेला याचं कारण चांगलं आहे, म्हणून त्याच्यावर राग धरता येत नाही. केबिनला एसी आला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकला तर केबिन एसी सक्तीचीच झाली आणि झाली ते फार बरं झालं, मे महिन्यात भुसावळला ४५ च्या वर पारा जातो तेव्हा इंजिनची गरम हवा अंगावर घेऊन ज्यांनी गाडी चालवली त्यांनाच माहीत काय असतं ते. पण काच बंद झाली, काच बंद तर हात आत. आणि दुसरं म्हणजे क्लीनर गेला. मालकाला परवडत नाही, पोरं पण या लाइनला येत नाहीत, बरोबर आहे, मीही माझ्या पोराला आणलं नाही. म्हणजे उजवीकडचा हात गेला आणि डावीकडची थाप पण गेली, आणि दोघांचं काम इंडिकेटरवर आलं. तिथंच सगळा घोळ आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, सुरतेहून कापडाचा लोड घेऊन येत होतो, दहिवेल गेलं होतं, साक्री यायची होती, चौपदरी अजून व्हायचं होतं. पावसाची बुरबुर, दिवे लागायची वेळ. माझ्यापुढं एक ट्रेलर, परराज्याचा, लोखंडाच्या कॉइल भरलेल्या. मी चार-पाच किलोमीटर त्याच्या मागं, डिपर देऊन, म्हणजे हेडलाइटची उघडझाप करून राहिलो, साइड मागून राहिलो. मग त्यानं उजवा इंडिकेटर दिला. आता आमच्या लाइनला कित्येक जण उजवा देतात तो ‘ये, उजवीकडून मोकळं आहे’ म्हणून देतात, मीही तेच धरलं आणि गाडी बाहेर काढली. माझी केबिन त्याच्या मागच्या चाकांच्या बरोबरीला आली आणि ट्रेलर माझ्याकडं सरकायला लागला. त्याच्या डाव्या बाजूला बिनलाइटचा ट्रॅक्टर उभा होता, तो त्याला चुकवून राहिला होता, मला त्या धुडामागं तो ट्रॅक्टर दिसायचा प्रश्नच नव्हता. हॉर्न दाबून धरला आणि गाडी उजवीकडं साइडपट्टीच्या खाली घातली. चिखल, मग बाभळी, आरसा मोडून पडला, काचेवर फांदी आपटली आणि गाडी थांबली. समोरून त्या वेळेला काहीच आलं नाही म्हणून आज पत्र लिहून राहिलोय.

ट्रेलरवाला पळून गेला नाही हे मी मुद्दाम सांगतो. त्यानं पुढं गाडी लावली, पाण्याची बाटली घेऊन पळत मागं आला, पायात चप्पल पण नव्हती. मला वाटलं आता भांडण होईल. तो म्हणाला, ‘भाईसाब, राइट दिया था ना मैंने, मत आना करके.’ मी म्हणालो, ‘मेरे को लगा आ जाओ बोल रहे हो.’ दोघं मोरीच्या कठड्यावर बसलो, माझे गुडघे थरथरत होते, त्याचे पण. त्याच्या गावाकडं उजवा म्हणजे येऊ नको, आमच्याकडं कित्येकांचा उजवा म्हणजे ये, आणि कायद्यात उजवा म्हणजे मी स्वतः उजवीकडं सरकतोय, बस. एकाच पिवळ्या दिव्याचे तीन अर्थ, आणि आम्ही दोघं मिळून चाळीस वर्षांचे ड्रायव्हर, दोघांनाही आपण बरोबरच आहोत असं वाटत होतं. त्यानंच नंतर साखळी लावून माझी गाडी ओढून काढली. नाव मला आठवत नाही त्याचं, हात आठवतो, पाणी देताना केवढा कापत होता.

तेव्हापासून माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी ढाब्यावर, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, पासिंगच्या लाइनीत सगळ्यांना सांगत असतो. उजवा इंडिकेटर फक्त स्वतः उजवीकडं जायचं असेल तरच लावायचा, मागच्याला ये म्हणायला तो कधीच वापरायचा नाही. जाऊ द्यायचं असेल तर डावीकडं दाबून घ्या, पाय उचला आणि डावा द्या, कारण डाव्याचा अर्थ चुकून दुसरा निघाला तरी तो ‘मी डावीकडं जातोय’ असाच निघतो, त्यात कुणी मरत नाही. उजव्याचा अर्थ चुकला तर काय होतं ते वर लिहिलंच आहे. आणि मागच्यानं डावा दिसला म्हणून डोळे मिटून घुसायचं नाही, पुढचा देव नाही, त्यालाही वळणापलीकडचं दिसत नाही, स्वतःला रस्ता दिसला तरच काढायची. पुलावर, वळणावर, चढावर तर डावा दिला तरी नाही.

आता कापसाचा सीझन आला की दुसरी भानगड. चोपड्याहून यावलकडं अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रोडनं जाताना अडावद, धानोरा, किनगाव या पट्ट्यात संध्याकाळी जिनिंगच्या गाड्या लागतात. कापूस भरलेली गाडी तुम्ही पाहिली असेल, बॉडीच्या बाहेर दोन्हीकडून फुगलेली, वरून दोरखंड आवळलेले. गाडीची रुंदी कायद्यानं जास्तीत जास्त २.६ मीटर, दोन पदरी रस्ता सात मीटरचा, म्हणजे दोन गाड्या शेजारी आल्या की सगळी मिळून १.८ मीटर जागा उरते, ती पण रस्त्याच्या कडा शाबूत असतील तर. कापूस दोन्हीकडून हात-हात बाहेर आला की ती जागा संपली. पण माझ्या मते रुंदीपेक्षा वाईट म्हणजे त्या फुगाऱ्यात आरसे झाकले जातात. पुढच्याला मागचा दिसतच नाही हो. तुम्ही डिपर मारा, हॉर्न मारा, तो आपला मधून चाललाय आणि मागचा शिव्या देऊन राहिला की साला साइड देत नाही. एकदा मी धानोऱ्याला चहाला थांबलो तेव्हा असाच एक कापूसवाला भेटला, त्याला विचारलं तर म्हणाला, ‘नाना, मले तं काहीच दिसस नही मांगनं, मी आपला देवाचं नाव घेऊन चालस.’ त्याच्याशी भांडून काय करणार. भरताना आरशापाशी वीतभर कापूस आत दाबून बांधला, दोर तिथून नीट ओढला तर आरसा मोकळा राहतो, पण हे भरणाऱ्या मजुरानं आणि जिनिंगवाल्यानं करायचं काम आहे, ड्रायव्हर तर पावती घ्यायला आत गेलेला असतो.

पूर्वी गाडीच्या मागं हॉर्न ओके प्लीज लिहिलेलं असायचं. २०१५ मध्ये आपल्या राज्यात ते लिहायला बंदी आली, आवाजाचा त्रास म्हणून, आणि विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, दवाखाना, शाळा काही बघत नाहीत लोक. पण त्या तीन शब्दांमागं एक साधी गोष्ट होती की बाबा मला मागचं दिसत नाही, तू सांग, मग मी जागा देतो. ते शब्द पुसले आणि त्या जागी दुसरं काही आलं नाही.

घाटाचं थोडं लिहितो कारण तिथं चूक झाली तर दुसरी संधी मिळत नाही. घाटात रस्ता अरुंद असला तर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं, उतरणाऱ्यानं थांबायचं. नवीन पोरांना वाटतं उतरणाऱ्याचा ब्रेक लागत नाही म्हणून तो आधी. अरे भो, तुझा ब्रेक लागत नसेल तर तू उतरतोयस कशाला. लोडची गाडी चढावर एकदा थांबली की परत उचलताना मागं घसरते, क्लच प्लेट जळते, मागं बाइकवाला असेल तर संपलं, म्हणून तिला थांबवायचं नाही. आणि उतरताना ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे मी पाहिलेत, मग सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक पकडत नाही. ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरला काय झालं ते खान्देशात कुणी विसरलं नाही, मध्य प्रदेशाकडून उतरणारा कंटेनर, ब्रेक फेल, आधी पुढच्या गाड्यांना धडकला आणि मग रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला, दहा माणसं गेली, त्यांत एसटीची वाट बघणारी पण होती. त्या उतारावर मी आठवड्यातून एकदा तरी असतो. तिथून जाताना मागून कुणी घाईनं येतोय असं वाटलं तर मी सरळ डावीकडं होतो आणि जाऊ देतो, तो बेशिस्त आहे की त्याचे ब्रेक गेलेत हे आरशातून कळत नसतं.

चौपदरी झाली तिथं वाटलं होतं की हा विषयच संपेल. संपला नाही, बदलला. ट्रकला स्पीड गव्हर्नर ८० चा, म्हणजे गाडी त्याच्यावर पळतच नाही. एक ७८ नं चाललाय, दुसरा त्याला ८० नं काढतोय. मुलीच्याच वहीतला हिशोब, दोन किलोमीटरचा फरक म्हणजे ५० मीटर तोडायला दीड मिनिट, तेवढ्या वेळात दोन्ही लेन दोन किलोमीटर बंद. मागं कारवाले शिव्या घालतात ते सोडा, मागं ॲम्ब्युलन्स असते. इथं पण पुढच्यानं जरा पाय उचलला की काम लवकर होतं. लोक म्हणतात ट्रकवाले उजवी लेन सोडत नाहीत, खरंय, आणि चुकीचंय, पण डाव्या लेनमध्ये काय काय असतं ते पण लिहा कधीतरी. उलट्या बाजूनं येणारी बाइक, तिच्यावर तिघं. चाऱ्याचा ट्रॅक्टर. ढाब्यासमोर अर्ध्या लेनमध्ये उभे केलेले ट्रक, ते आमचेच लोक. दुभाजकातले कट दूर ठेवले म्हणून शेतकरी उलटा येतो, त्याला दोन किलोमीटरचा फेरा पडतो, त्याची पण बाजू आहे. रात्री ते सगळं चुकवत चालवण्यापेक्षा ड्रायव्हर उजवीकडं जाऊन बसतो. जावं असं मी म्हणत नाही, का जातो ते सांगतोय.

आणि दगड! गाडी बंद पडली की मागं दगड लावतात, झाडाची फांदी लावतात, ठीक आहे, धोक्याचा लाल त्रिकोण नसतो कुणाकडं, खरं तर असायलाच पाहिजे, दोनशे-तीनशे रुपयांची वस्तू आहे. पण गाडी दुरुस्त झाली की दगड तिथंच. माझ्या गावचा एक पोरगा, एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट करून रात्री बाइकवर घरी येत होता, असल्याच एका दगडावर गेला. वाचला पण पाय गेला कामातून. ज्यानं तो दगड ठेवला तो तेव्हा अकोल्याच्या पुढं असेल, निवांत. दगड उचलून बाजूला टाकायला अर्धा मिनिट लागतं. गाडी चालू झाल्याच्या आनंदात लोक विसरतात, मीही एकदा विसरलो होतो आणि चार किलोमीटरवरून परत आलोय.

हे सगळं ड्रायव्हरला माहीत नाही असं नाही. मग का होत नाही, तर टाइम. रावेर-सावद्याची केळी भरली की हजार किलोमीटरच्या वर दिल्ली, आझादपूर मंडीत ठरलेल्या टायमाला पोहोचायचं, माल पिकतो, उशीर झाला की भाव पडतो आणि तो पडलेला भाव भाड्यातून कापतात. मागच्या वर्षी एका व्यापाऱ्यानं माझे दोन हजार कापले, कारण काय तर इंदूरजवळच्या भेरू घाटात जाम होता आणि मी लाइन मोडून उलट्या बाजूनं घुसलो नाही. दुसरे घुसले, ते टायमात पोहोचले, त्यांना पूर्ण भाडं. मोटार कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता, २०२५ च्या नोव्हेंबरात त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली, त्या जुन्या कायद्यात लिहिलं होतं दिवसाला आठ तास, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. हे मी तरुण ड्रायव्हरांना सांगतो तर ते हसतात, त्यांना वाटतं मी गंमत करतोय. सोळा तास चालवलेला माणूस साइड देत नाही साहेब, त्याच्यात तेवढं मनच उरलेलं नसतं, मागून कुणी डिपर मारला की त्याला तो आपल्याला हिणवतोय असं वाटतं. म्हणून हे पत्र मालक आणि व्यापारी मंडळींनी पण वाचावं.

तरी पण काही गोष्टींना टाइम लागत नाही. अप्परचा डिपर करायला, म्हणजे हेडलाइटचा झोत खाली घ्यायला टाइम लागत नाही, समोरच्याच्या डोळ्यावर तो पांढरा फोकस पडला की पुढचे दोन-तीन सेकंद तो आंधळा चालवत असतो, आणि आंधळा होऊन तो तुमच्याच अंगावर येणार असतो. कुणी साइड दिली तर पुढं निघाल्यावर हॉर्नची एक बारीक टिकटिक द्यायला काय लागतं. राजस्थानात, पंजाबात कुठं एमएच १८, १९ किंवा ३९ ची, म्हणजे आपल्या खान्देशची गाडी दिसली की आपण किती आनंदानं हॉर्न देतो, थांबून ‘कथला भो तू?’ विचारतो, शेवभाजीचा डबा निघतो, आणि त्याच माणसाला पारोळ्याजवळ साइड द्यायची म्हटली तर आपल्याला कमीपणा वाटतो. आपले बी घर जानं शे, त्याले बी घर जानं शे.

२०२४ च्या जानेवारीत नवीन कायद्यातल्या, अपघात करून पळून गेल्यास होणाऱ्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून देशभरच्या ड्रायव्हरांनी चाकं थांबवली होती, दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, कुणी कुणाला ओळखत नसताना सगळे एक झाले. एवढं जमतं तर एका इंडिकेटरचा एकच अर्थ ठरवणं का नाही जमणार. आरटीओनं पासिंगला आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला दोन मिनिटं हे सांगावं, ट्रान्सपोर्टवाल्यांनी बिल्टी, म्हणजे मालाची पावती देताना सांगावं, टोलनाक्यावर बोर्ड लावावा, मराठी आणि हिंदी दोन्हीत, आणि तुमच्या पेपरानं एक चित्र छापावं एवढी विनंती, लोक बातमी वाचत नाहीत पण ढाब्यावर पेपरातलं चित्र कापून भिंतीला चिकटवतात, मी पाहिलंय.

मी माझ्यापुरतं केलंय. धुळ्याला बॉडीच्या कामाला गाडी लावली होती तेव्हा पेंटरकडून मागच्या फळीवर लिहून घेतलं, डाव्या कोपऱ्यात ‘डावा दिला की या’ आणि उजव्या कोपऱ्यात ‘उजवा दिला की मी वळतोय’. खाली तेच हिंदीत. पेंटर म्हणाला नाना एवढं कोण वाचतं, पण परवा नशिराबादजवळ एका पंजाबच्या गाडीला डावा दिला, पाय उचलला, तो सावकाश निघून गेला आणि पुढं जाऊन त्यानं काच खाली केली आणि हात बाहेर काढला. नुसता वर धरला, दोन सेकंद. मी पण काच खाली करून माझा काढला.

आपला,
एक ट्रक ड्रायव्हर, ता. एरंडोल, जि. जळगाव